साडेसातच्या गाडीतले डबे

ऑक्टोबरचा पहिला शनिवार, सकाळचे अकरा. रक्कम डब्यामागे दहा रुपये. हजर साठ-सत्तर माणसं, त्यात आमच्या घरची तिघं: आबा म्हणजे माझे वडील, साताऱ्याची वहिनी म्हणजे माझ्या आत्याची सून, आणि पहाटेच्या गाडीनं सांगलीहून आलेली मी. जागा साताऱ्यातलं एक मंगल कार्यालय. लग्नाचे दिवस नव्हते म्हणून ते सभेला स्वस्तात मिळालं असावं. व्यासपीठावर वधू-वरांच्या दोन खुर्च्या तशाच होत्या, त्यातल्या एका खुर्चीवर बसच्या कार्यालयातल्या बाई बसल्या आणि सभा सुरू झाली.

विषय शहर बसचा. जुन्या गाड्या काढून नव्या, लहान, बुटक्या पायरीच्या गाड्या आणायच्या होत्या. फेऱ्या वाढवायच्या, पण मार्ग सरळ करायचे. सरळ करायचे म्हणजे हमरस्त्यावरच्या फाट्यापर्यंतच गाडी यायची आणि तिथूनच वळायची. आमचं गाव फाट्यापासून आत अडीच किलोमीटर. गाडी इतकी वर्षं आत पारापर्यंत येत होती. आता फाट्याला उतरून चालायचं किंवा रिक्षा करायची.

मी सांगलीत विश्रामबागला तीस वर्षं राहते. एका शाळेच्या कार्यालयात हिशेब बघते. सांगली-मिरज रस्त्यावर शहर बस दर थोड्या वेळानं मिळते, त्यामुळे बस नसणं म्हणजे काय हे मी विसरले होते. सांगलीतही बसवरून वाद चालूच असतात, वर्तमानपत्रात पत्रं येतात, मी ती वाचते आणि पुरवणीकडे वळते. साताऱ्याच्या सभेला मी गेले ते आबांचा फोन आला म्हणून. आबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते फोनवर फक्त बोलतात. "सभा हाय शनवारी. तू आकड्यातली हायस. ये आन् बोल. डबा बंद व्हईल." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

डबा काय ते सांगायला हवं.

आमच्या भागात कॉलेजला शहरात राहणाऱ्या पोरांना घरचा डबा गाडीनं जातो. सकाळी पाराशी गाडी उभी असते. ती मुक्कामी, म्हणजे रात्री गावात राहणारी. साडेसातला निघायच्या आधी घराघरातून डबे येतात आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे रांगेनं लागतात. पिशवीवर तेलरंगात नाव, किंवा नुसती एखादी खूण. गाडी साताऱ्यात पोवई नाक्याला पोचली की तिथल्या चहावाल्याच्या बाकड्याखाली डबे उतरतात. ज्याचा तो येऊन घेऊन जातो. संध्याकाळच्या गाडीनं डबा परत. कुणाला पावती नाही, आणि डबा हरवल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. एकदा अदलाबदल झाली होती, तेव्हा माझ्या वाट्याला कुणाचं तरी मटण आलं आणि माझी मेथीची भाजी त्या पोराला गेली. त्यानं डब्यात चिठ्ठी ठेवली होती, उद्या पण हाच पाठवा म्हणून. वार पाळत होता का चेष्टा, कळलं नाही.

मी साताऱ्याला तीन वर्षं शिकले. तीन वर्षं आईचा डबा त्या गाडीनं आला. डबा बाकड्याखालून काढून हातात घेतला की बूड कोमट असायचं. आईनं चुलीवरून उतरवल्याची ऊब ती नसेल, इंजिनाची असेल, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी तो दोन्ही हातांत धरूनच वसतिगृहापर्यंत जायची.

आता सकाळच्या गाडीत एकतीस डबे असतात. हा आकडा मी सभेच्या आधी शेजारच्या काकूंना रोज पाराशी पाठवून घेतला होता. त्यातले तीस पोरापोरींचे. एकतिसावा आबांचा.

आबांचं वय एक्याऐंशी. हवालदार म्हणून निवृत्त झाले. सैन्यात त्यांनी स्वयंपाक कधी केला नाही, बंदुकीच्या गोष्टीही कधी सांगितल्या नाहीत. आई सहा वर्षांपूर्वी गेली. त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, साताऱ्यात गोडोलीला मुला-सुनेजवळ राहते. आई गेल्यावर ती तेरा दिवस येऊन राहिली आणि जायच्या आधी भावाला परातीसमोर बसवलं. "दादा, पोरगी सांगलीला, मी गोडोलीला. तुला भाकरी कोण घालणार? थाप." पंच्याहत्तरीचे आबा भाकरी थापायला शिकले. पहिल्या महिन्यात भाकरीला भारताच्या नकाशाचा आकार यायचा, असं काकू सांगतात. जेव्हा पहिली नीट गोल झाली तेव्हा आबांनी ती आईच्या डब्यात घातली, सोबत घेवड्याची आमटी, आणि डबा साडेसातच्या गाडीत ठेवला. बघ, जमली का.

संध्याकाळी डबा परत आला. त्यात गुळाचा खडा होता.

तिथून रोजचंच झालं. सकाळी गोडोलीतला शेजारचा एक पोरगा डबा नाक्यावरून आत्याकडे पोचवायचा, संध्याकाळी वहिनी ऑफिसातून आली की तो गाडीला नेऊन द्यायची. आत्याच्या घरी वहिनी आणि माझा आत्येभाऊ दोघं नोकरीला, सकाळी पोळीभाजी होते. आत्याला कवळी नीट बसत नाही, आमटीत भिजवलेली भाकरीच तिला बरी पडते. पण खरं कारण ते नव्हे. आत्यालाही ऐकू कमी येतं. बहीणभावाचं फोनवर बोलणं म्हणजे दोघांनी आपापल्या घरात ओरडणं. डब्यात मात्र बोलणं होत असे. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, काहीतरी घालून देतात. आत्या पेरू घालायची, शेंगदाणे घालायची, कधी वहिनीनं केलेली बर्फी. आमटीत मीठ कमी पडलं तर कागदात चिमूटभर मीठ बांधून घालायची. मीठ आलं की आबा दुसऱ्या दिवशी मुद्दाम खारट करायचे. मग डब्यात लिंबू यायचं.

हे सगळं सभेत सांगण्यासारखं नव्हतं. मी आकडे घेऊन गेले होते. सकाळच्या गाडीत गावातून इतकी माणसं चढतात, संध्याकाळी इतकी उतरतात, दुपारच्या फेऱ्यांना कधी दोन, कधी कुणीच नाही. खरं सांगायचं तर माझेच आकडे त्या बाईंच्या बाजूचे होते. दुपारी रिकामी गाडी अडीच किलोमीटर आत न्यायची आणि रिकामीच बाहेर काढायची, याला मी तरी पैसे दिले नसते.

आमच्या आधी एक कॉलेजची मुलगी बोलली. फाट्याजवळच्या गावातली असावी. "ही गाडी आत जाते, तिथं डबे चढवत बसते. आमी फाट्यावर उभं. पहिला तास रोज बुडतो. माणसांसाठी गाडी हाय का डब्यांसाठी?"

मागून आमच्या गावचा एक जण ओरडला, "तुझ्या मैत्रिणी कुनाच्या डब्यात हात घालत्यात, ते सांग की गं आधी!"

सगळे हसले. ती मुलगीही हसली, पण बसली नाही. "हसा तुमी. हजेरी मला कमी पडती, तुमाला न्हाई."

ती बरोबर बोलत होती. मला ती आवडली. मला तिच्या विरुद्ध बोलायचं होतं याचं वाईटही वाटलं.

बाईंनी विचारलं, "डबे किती असतात?" मी उठून सांगितलं, एकतीस. "तिकीट?" काही नाही. "मग आमच्या हिशेबात ते येतच नाहीत हो," बाई म्हणाल्या. रागानं नव्हे, हिशेब बघणारं कुणीही म्हणेल तसंच.

आबा उभे राहिले. ऐकू येत नसल्यामुळे चर्चा कुठवर आली हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते मोठ्यांदा म्हणाले, "तिकीट लावा की मग! आमी फुकट मागतोय का?"

आणि तिथंच तोडगा निघाला. दुपारच्या फेऱ्या फाट्यापर्यंत. मुक्कामी गाडी सहा महिने चालवून बघायची, म्हणजे संध्याकाळी साताऱ्याहून साडेपाचला आत येणारी आणि सकाळी साडेसातला बाहेर जाणारी. डब्यांना नाक्यावर खिडकी, डब्यामागे दहा रुपये, पिशवीवर चिठ्ठी. रिकामा डबा परत न्यायला पैसे नाहीत. चहावाल्याचं बाकडं बंद.

"भरलेला परत गेला तर?" मी विचारलं.

"तर पुन्हा दहा," बाई म्हणाल्या.

बाहेर पायरीवर मी वहिनीला हिशेब करून दाखवला. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर जायचे अडीचशे. यायचेही भरले तर पाचशे. आबांना पेन्शन आहे, पण उगाच कशाला. "डबा धुऊन रिकामा पाठवत जा," मी म्हटलं. वहिनी माझ्यासारखीच. सांगितलं की सांगितल्याबरहुकूम करणारी. तिनं मान हलवली. आबांना मी काहीच सांगितलं नाही. ते मंगल कार्यालयाच्या दारात गावच्या माणसांना डबा वाचल्याचं सांगत होते, खुशीत होते, आणि माझी गाडी दोन वाजता होती.

सोमवारी संध्याकाळी डबा रिकामा परत आला.

आत्यानं नेहमीप्रमाणे दोन पेरू घातले होते. खिडकीवरचा माणूस डबा उघडून बघत होता, म्हणून वहिनीनं ते काढून पर्समध्ये टाकले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात वाटले. डबा स्वच्छ, कोरडा, झाकणं घट्ट. आबांनी तो ओट्यावर उघडला, तीनही पुडं बाहेर काढून बघितली, आणि तसेच उभे राहिले. हे काकूंनी पाहिलं. त्या ताक घेऊन आल्या होत्या. त्यांना वाटलं, आबांना काही सापडत नाहीये.

आमच्याकडे भांडं रिकामं परत येतं ते एकाच घरून. ज्या घरी चूल पेटलेली नसते तिथून. आई गेली तेव्हा शेजारच्यांची पातेली आम्ही तशीच रिकामी परत केली होती, आबांनी स्वतः नेऊन दिली होती. आणि म्हाताऱ्या माणसाला असली बातमी कुणी एकदम सांगत नाही. जरा बरं नाही म्हणतात, येऊन जा म्हणतात. आबांनीही चार जणांना अशाच बातम्या दिल्या आहेत. तेव्हा फोन आला नाही याचाही त्यांनी तोच अर्थ लावला: बहिणीचं काही बरंवाईट झालं. फोन करून विचारावं असं त्यांच्या मनात आलं नाही. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाले, "असलं फोनवर इचारत्यात व्हय?"

मंगळवारी सकाळी त्यांनी भाकरी थापली नाही. पांढरी टोपी घातली, साडेसातच्या गाडीत तीस डब्यांच्या मागच्या सीटवर बसले आणि गेले.

मला काकूंचा फोन आला तेव्हा मी शाळेत जायला निघत होते. "ताई, आबा साताऱ्याला गेलं. कायबी बोललं न्हाईत. काल सांच्याला डबा रिकामा आला म्हनं, तवापासनं असंच. ओट्यावर पुडं पसरल्यात. माझं ताक तसंच हाय."

मला समजायला फार वेळ लागला नाही. वहिनीला फोन लावला, उचलला नाही. ऑफिसात तिचा फोन कपाटात असतो. आत्येभाऊ कामावर, यंत्रांच्या आवाजात. आत्याला फोन करून उपयोग नव्हता. मी शाळेत रजा कळवली, विश्रामबागहून शहर बसनं स्टँड गाठला आणि साताऱ्याची गाडी धरली.

सांगली ते सातारा हा रस्ता मी तीस वर्षांत किती वेळा गेले असेन. लग्न झाल्यावर पहिली दोन वर्षं दर महिन्याला जायचे. मग मुलं, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण. मग दिवाळी आणि यात्रा. आई होती तोवर परत येताना पिशवीत डबा असायचा, तोच तीन पुडांचा नव्हे, दुसरा, प्लास्टिकचा, परत नाही केला तरी चालेल असा. कराड मागे पडेपर्यंत मी तो उघडायची नाही. सांगलीच्या माझ्या घरात सगळं आहे. मी चांगली भाकरी करते, आबांपेक्षा नक्की चांगली. पण मी केलेलं मीच खाते. कुणी मला करून पाठवलेलं असं काही माझ्या ओट्यावर आता येत नाही. त्या दिवशी गाडीत बसल्यावर मला आत्याचा हेवा वाटला. तिचं काय झालं असेल हेही नीट माहीत नसताना वाटला. मला खात्री होती की ती बरी आहे. तरी कराडला मी वहिनीला पुन्हा फोन लावला.

गोडोलीला पोचले तेव्हा दीड वाजला होता. दार उघडंच होतं. आत्या वाऱ्याला उंबऱ्याशी बसते. त्या दिवशी ती उंबऱ्याशी नव्हती.

आत पलंगावर आबा झोपले होते, टोपी छातीवर. आत्या आरशासमोर उभी होती. अंगावर नवंकोरं नऊवारी इरकली लुगडं, गडद निळं, लाल काठांचं. अजून घडीच्या रेषा दिसत होत्या.

"आलीस?" ती म्हणाली. "तुला पन डबा रिकामा आला का?"

मी खाली बसले. हसायला आलं, आणि हसता हसता रडले. आत्यानं मला रडू दिलं. मग पाणी दिलं.

सकाळी काय झालं ते मला दोघांनीही सांगितलं, आणि दोघांचं सांगणं जुळत नाही. जुळतं तेवढं लिहिते. आबा सव्वाआठला नाक्याला उतरले. बाई गेली की तिला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. ते भावानं आणायचं. दुकान उघडायला वेळ होता, तेव्हा ते पायरीवर बसून राहिले. उघडल्यावर नऊवारी मागितलं, दुकानदारानं चौदाशे सांगितले, आबांनी मोजून दिले. पिशवी घेऊन गोडोलीला आले, जिना चढले. आत्या उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती.

"मी बघितलं," आत्या सांगू लागली, "तर ह्यो जिन्यात उभा. तोंड असं झालेलं. मी म्हनलं, दादा, काय झालं? मी म्हनलं, डबा कुठं हाय आज? तर पिशवी फुडं केली."

"काय म्हणाले?"

"भाऊबीज म्हनला. मी म्हनलं, आवं हवालदार, दिवाळीला अजून येळ हाय की. तर म्हनला, आधीच आनली."

आत्यानं लुगडं बघितलं, आवडलं. किती दिलं विचारलं. चौदाशे. आन् सांगितलं किती होतं? चौदाशे.

इथं आत्यानं आधी पलंगाकडे बघितलं. आबा खरंच झोपले होते, की डोळे मिटून पडले होते, ठाऊक नाही. तिनं आवाज खाली केला, तिच्या मानानं खाली, म्हणजे शेजारच्यांनाही ऐकू गेला असेल.

"ह्यो मानूस पाच रुपयांची कोथिंबीर भाव करून घेतो. लग्नात माझी बोरमाळ घेताना सोनाराला रडवला हुता. आन् लुगडं न बोलता घेतलं?" मग ती म्हणाली, "मयताचं सामान घिताना भाव करत न्हाईत बाई. तवा मला कळलं. खोदून इचारल्यावर म्हनला, डबा रिकामा आलता."

आमच्याकडे खरंच करत नाहीत. कापड असो, बांबू असो, मडकं असो, जे सांगतील ते द्यायचं आणि मागे न बघता निघायचं.

"मग तू काय म्हणालीस त्यांना?"

"काय म्हननार? नेसले. म्हनलं, बघून घे. एरवी नेसलेलं तुला बघायला मिळालं नसतं."

त्या दुपारी आम्ही तिघांनी वहिनीनं करून ठेवलेली पोळीभाजी खाल्ली. आबा जागे झाल्यावर माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "तू कशाला आलीस? गाडीभाडं किती गेलं?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. रिकाम्या डब्याचा हिशेब मी त्यांना समजावला, ओरडून, दोनदा. ते म्हणाले, "दहा रुपयासाठी?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. संध्याकाळी वहिनी आली, तिला सगळं समजल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी लावत राहिली. आत्या आत जाऊन तिला म्हणाली, "अगं, तू सांगितलं तसं केलंस. पेरू ग्वाड हुते का तेवढं सांग."

डबा भरूनच परत पाठवायचा, वीस रुपये रोजचे, हे त्याच रात्री ठरलं. जायचे आबांनी द्यायचे, यायचे आत्यानं.

मला वाटलं विषय संपला. पण आत्या सकाळी उठली ती ठरवूनच. म्हणाली, मला त्या दुकानात न्या.

ती सव्वा वर्षात घराबाहेर पडली नव्हती. गुडघे दुखतात, बसची पायरी चढवत नाही, रिक्षात मान अवघडते. तपासायलाही डॉक्टर घरी येतात. आम्ही समजूत घातली. ती ऐकेना. "भाव न करता घेतलेलं मी अंगावर ठिवनार न्हाई. जितीचं लुगडं हाय, जितीसारखं घ्या." म्हणजे तिचं म्हणणं असं की सौदा पुन्हा व्हायला हवा. आबा अवघडून भिंतीकडे बघत होते. मला वाटतं त्यांनाही तेच हवं होतं.

नाक्यापर्यंत रिक्षानं गेलो. दुकानदारानं आबांना ओळखलं आणि त्यांच्या शेजारी तेच लुगडं नेसलेली बाई बघून त्याच्या हातातली मोजपट्टी हातातच राहिली.

"किंमत जास्त लावली तुमी," आत्या म्हणाली.

"आजी, काल आजोबा काही बोललेच नाहीत. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही. बसा तुम्ही. चहा सांगतो."

"चा नगो. अकराशे."

"आजी, नेसलेलं आहे हो ते!"

"नेसल्यावरच कळलं, काठ बारीक हाय."

पंधरा मिनिटं चाललं. आबा आधी दाराशीच उभे होते. मग तेही सुरू झाले, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेनात. रंग जाईल का, पदर कसला, मागच्या गल्लीत काय भावानं मिळतं. दोघं दोन्ही बाजूंनी. दुकानदार आधी बावरला, मग त्यालाही गंमत वाटायला लागली असावी. साडेबाराशेवर सौदा ठरला. दुकानदारानं दीडशे रुपये आबांच्या हातावर ठेवले. आबांनी ते दोनदा मोजले आणि बहिणीकडे बघितलं. ती काठ बघत होती.

दुकानातून बाहेर आल्यावर समोर नवी शहर बस उभी होती. सभेत ज्यांच्याबद्दल बोलणं झालं होतं त्यातली पहिली, बुटक्या पायरीची. पाटीवर आमच्या बाजूचा फाटा. आत्यानं पायरीकडे बघितलं. मग पाय ठेवला. कुणी धरायच्या आत ती आत गेली आणि खिडकीशी बसली.

"कुठं चाललीस?" आबा ओरडले.

"माहेरी. लुगडं माहेरचं नेसलंय, घरी बसून काय करू?"

मी वहिनीला निरोप टाकला. तिकिटं काढली. गाडी स्वच्छ होती, धक्के कमी बसत होते. कॉलेजची पोरं होती, त्यात सभेतली ती मुलगी नव्हती, मी बघितलं. मला ती भेटायला हवी होती. तिला सांगायचं होतं की तुझी गाडी चांगली आहे. जुन्या गाडीत आत्या चढली नसती, हे खरं आहे, आणि ही नवी गाडी गावात जाणार नाही, हेही खरं आहे. या दोन्हीची वजाबाकी मला अजून जमलेली नाही.

आत्या खिडकीतून बाहेर बघत होती. ऊस उंच झाला होता. ती मला एकेक विचारत होती, ती विहीर अजून आहे का, ते आंब्याचं झाड कुणी तोडलं, तिथं काय बांधलंय. तिला ऐकू येत नसल्यामुळे माझी उत्तरं तिच्यापर्यंत पोचत नव्हती, पण तिचं त्यावाचून अडत नव्हतं. मलाही त्यातलं निम्मं माहीत नव्हतं. मी त्याच गावची, आणि तिथं काय बांधलंय हे मला सांगता येत नव्हतं. एका ठिकाणी ती मागे वळून बघत राहिली. तिथं तिच्या लहानपणी त्यांचा गोठा होता, असं आबांनी सांगितलं. आता तिथं कुणाचं तरी पत्र्याचं गोदाम आहे.

फाट्याला गाडी वळली. सगळे उतरले. अडीच किलोमीटर रस्ता समोर, ऊन, आणि दोन म्हातारी माणसं. गाडी परत साताऱ्याकडे गेली, वेळेवर.

रिक्षा मिळायला पाऊण तास लागला. तोवर आत्या फाट्यावरच्या कट्ट्यावर नवं लुगडं आवरून बसली होती आणि आबा तिच्यावर टोपीनं सावली धरून उभे होते. मी चार पावलं लांब उभी राहिले. जवळ जायचं होतं, गेले नाही.

रिक्षावाला गावचाच. फाट्यापासून पारापर्यंत पन्नास म्हणाला. आत्याला पारापासून दारापर्यंत आत नेऊन सोडलं, ती उतरेपर्यंत थांबला. त्याला साठ रुपये दिले, माझ्या पर्समधून. वरचे दहा मी हिशेबात धरले नाहीत.